मुफर्रका : बटाटा-अंड्याचा शामी नाश्ता, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

शारजात आमच्या राहण्याच्या इमारतीत मजल्याला मिळून एकच स्वयंपाकघर होतं. चार शेगड्या, वीसेक माणसं. शुक्रवारी सकाळी शेगडीसाठी नंबर लागायचे. मी बुर्जीवाला माणूस. सात-आठ मिनिटांत काम उरकून शेगडी मोकळी करायचो. साइटवरचे सुतारकामाचे फोरमन मात्र अर्धा अर्धा तास पॅनसमोर उभे असत. ते सीरियाचे, हमा शहराकडचे. सगळे त्यांना ‘मुअल्लिम’ म्हणत, आपण ‘मिस्त्री’ म्हणतो त्याच मानाने. पॅनमध्ये बटाट्याच्या फोडी, हातात लाकडी उलथनं, आणि ते उलथनं ते क्वचितच चालवायचे. मागे रांगेतली मंडळी करवादायची. मुअल्लिम ढिम्म.

एकदा मी त्यांचं बघून करायला गेलो. हात सवयीने हळदीच्या डब्याकडे गेला, मग मिरची, मग टोमॅटो, वरून कोथिंबीर. त्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि म्हणाले, “तय्यिब, या मुहंदिस. बस हाद हिंदी.” छान आहे हो इंजिनियर, पण हे हिंदुस्तानी झालं. खरंच होतं. मी बटाटा घातलेली बुर्जी केली होती.

तेव्हा सुरुवातीलाच सांगतो : मुफर्रका दिसते बुर्जीसारखी, पण ती बहीण आहे आपल्या बटाट्याच्या काचऱ्यांची. नव्वद टक्के काम बटाट्याचं. अंडी शेवटची दोन मिनिटं येतात आणि फोडींना नुसतं लपेटून घेतात. हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

नाव आणि गाव

सीरिया, लेबनॉन, जॉर्डन आणि पॅलेस्टाईन या पट्ट्याला अरबीत ‘शाम’ म्हणतात. ही तिथली रोजची घरगुती वस्तू. सकाळी खातात, रात्री उशिरा काही करायचा कंटाळा आला तरी खातात, आणि महिनाअखेरीला तर हमखास. पाहुण्यांसाठी कोणी मुद्दाम करणार नाही. हॉटेलच्या कार्डावरही क्वचितच सापडेल. लिहिताना मुफर्रका, बोलताना ‘म्फर्रके’. काही घरांत नावाची भानगडच नाही, सरळ ‘बताता व बेद’ म्हणजे बटाटा नि अंडी. नाव आलं ‘फरक’ या अरबी क्रियापदावरून, त्याचा अर्थ चोळणे, चुरणे. आपल्या ‘फरक पडतो’मधला फरकही अरबीतूनच आलेला, पण तो वेगळ्या धातूचा, दोघांचं नातं नाही.

‘बताता’ ऐकून मला पहिल्या दिवशी गंमत वाटली होती. माझा खोलीतला कानपुरी सोबती मुअल्लिमना ‘आलू, आलू’ समजावत होता आणि त्यांना काही कळत नव्हतं. मी ‘बटाटा’ म्हटलं आणि काम झालं. आपल्याकडे हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, त्यांच्याकडेही तो युरोपी भाषांतूनच पोचला. मुळात तो कॅरिबियन बेटांवरचा, रताळ्याचा शब्द. इजिप्तमध्ये गेलात तर मात्र ‘बतातिस’ म्हणा.

बटाटा दक्षिण अमेरिकेतला, त्यामुळे आजची मुफर्रका फार जुनी असूच शकत नाही. नाव मात्र जुनं आहे. बगदादमध्ये १२२६ साली लिहिलेल्या एका पाकग्रंथात मुफर्रका आहे. ती कोंबडीच्या काळीज-पेटाची : आधी उकडायचं, बारीक कापायचं, अंड्यात कालवायचं आणि तिळाच्या तेलात सारखं ढवळत परतायचं. आंबट हवी तर वर थोडा लिंबाचा रस. म्हणजे आधी शिजलेली वस्तू, मग अंडं, ही रीत तेव्हाचीच. बटाटा नंतर येऊन त्या जागेवर बसला.

काय काय लागेल

दोघांना पोटभर, तिघांना बेताचं होईल एवढं प्रमाण देतो. बटाटे ५०० ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचे चार. एक मोठा कांदा. चार अंडी. ऑलिव्ह तेल चार टेबलस्पून. मीठ एक लहान चमचा, थोडं इकडेतिकडे. ताजी भरड कुटलेली मिरी अर्धा लहान चमचा. बस. मुअल्लिम याखेरीज चिमूटभर ऑलस्पाइस (मिरीसारखी दिसणारी एक वाळलेली फळं, मसाल्यांचं मिश्रण नव्हे) घालायचे, शाममध्ये तो मसाला पुष्कळ वापरतात. नसेल तर शोधत हिंडू नका. जॉर्डन-पॅलेस्टाईनच्या काही घरांत जिरेपूड घालतात, तीही चालेल, पण पहिल्या खेपेला नुसती मिरीच ठेवा. बटाट्याची आणि तेलाची चव काय असते ते एकदा कळू द्या.

हळद, आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर यांना सुट्टी. तिखटावाचून घास उतरत नसेल तर ते ताटात बाजूला घ्या. पॅलेस्टिनी लोक ‘शत्ता’ नावाची लाल मिरचीची चटणी अशीच बाजूला घेतात.

तेलाबद्दल थोडं लांबण लावतो, कारण फसगत इथेच होते. आपल्याकडच्या दुकानांत स्वस्तात मिळणाऱ्या ऑलिव्ह तेलाच्या बाटलीवर बरेचदा ‘पोमेस’ लिहिलेलं असतं. तेल काढून उरलेल्या चोथ्यातून ते काढतात आणि शुद्ध करतात. वास-चव जवळपास नसते. त्यापेक्षा सूर्यफुलाचं वापरलं तर पैसे तरी वाचतील. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ची छोटी बाटली मिळाली तर ती घ्या. ते तेल गरम करायचं नसतं असं आपल्याकडे कोणीतरी पसरवून ठेवलंय. शाममधल्या आयाबाया कित्येक पिढ्या त्यातच परतत आल्या आहेत. मध्यम आचेवर त्याला काही होत नाही, धूर निघेपर्यंत तापवू नका म्हणजे झालं.

आणि ऑलिव्ह परवडत नसेल तर लाजायचं कारण नाही. सीरियात ‘सम्ने’ म्हणजे तूपही तितकंच घरचं, हमाकडचं मेंढीच्या दुधाचं तूप तर नावाजलेलं. अर्धं सूर्यफुलाचं तेल, अर्धं साजूक तूप घेतलंत तर मुफर्रका मुळीच बाटत नाही. शेंगदाण्याचं तेल मात्र टाळा. त्याचा वास पुढे पुढे करतो.

बटाटा घेताना अंगठ्याने साल निघेल इतका कोवळा नको. त्यात पाणी फार, त्यामुळे तो खरपूस व्हायला वेळ लावतो. पक्क्या सालीचा, हाताला टणक लागणारा घ्या. फ्रिजमध्ये ठेवलेला वापरू नका. फार थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. असा बटाटा आतून शिजायच्या आधीच बाहेरून काळपट होतो आणि लागतो गोडसर. हिरवा पडलेला भाग दिसला तर तो खोल कापून टाका.

कापणं

बटाटे सोलून एक सेंटिमीटरच्या चौकोनी फोडी करा. पट्टी घेऊन बसायचं नाही, पण करंगळीच्या नखाएवढ्या म्हटलं तर अंदाज येईल. महत्त्व आकारापेक्षा सारखेपणाला आहे. एक फोड हरभऱ्याएवढी आणि दुसरी लिंबाएवढी असली की पहिली करपते आणि दुसरी कच्ची राहते, मग खाणारा तुम्हाला नावं ठेवतो.

फोडी दोन पाण्यांतून धुवा. पांढरं पाणी निघेल, ते वरचं पीठ. ते राहिलं तर फोडी एकमेकींना आणि पॅनला चिकटतात. मग पंच्यावर पसरा आणि दुसऱ्या पंच्याने टिपून कोरड्या करा. ही पायरी मी सहा महिने गाळत होतो. ओल्या फोडी तेलात पडल्या की आधी पाणी उडण्यात पाच मिनिटं जातात, तोवर त्या वाफेवर मऊ पडतात आणि रंग यायच्या आत तुटू लागतात. मुअल्लिम फोडी पंच्यात बांधून गाठोडं हातात दोन-तीनदा झुलवायचे. मोड आणायला मटकी बांधतो तसं गाठोडं.

कांदा बारीक चिरा, बटाट्याच्या फोडीपेक्षा लहान. तो बाजूला ठेवा. त्याची पाळी इतक्यात नाही.

आता शेगडीवर

पॅन पसरट हवा, अकरा-बारा इंची. फोडी एका थरात मावल्या पाहिजेत, एकावर एक चढल्या की वरच्या वाफवतात आणि खालच्या भाजतात. बिडाचा तवा किंवा पसरट कढई असेल तर उत्तम, नॉनस्टिकवरही होतं. खोलगट कढईत करू नका.

तेल मध्यम आचेवर तापवा. एक फोड टाकून बघा, लगेच चुरचुरली पाहिजे. मग सगळ्या फोडी घालून एकदाच हलवा, तेल सगळीकडे लागू द्या, आणि उलथनं खाली ठेवा.

खरोखर खाली ठेवा. पहिली चार मिनिटं हात लावायचा नाही. नवख्या माणसाचा इथेच धीर सुटतो. फोडी तळाशी चिकटल्यासारख्या वाटतात, आपण घाईने खरवडतो, आणि जे कवच येत होतं ते पॅनला राहतं, बटाटा भुंडा होतो. फोडीला रंग आला की ती आपणहून सुटते. पॅन जरा हलवून बघा. सुटी होऊन सरकली तर उलटा, नाहीतर अजून मिनिटभर थांबा. मुअल्लिम उभे असत ते याचीच वाट बघत.

पुढची सहा-आठ मिनिटं दर दोन मिनिटांनी एकदा उलटत राहा. सगळ्या बाजू सारख्या लाल व्हायची गरज नाही, प्रत्येक फोडीच्या दोन-तीन बाजू सोनेरी झाल्या की पुरे. आवाजही बदलतो. सुरुवातीची जोराची चुरचुर कमी होऊन हलकी तडतड उरते, म्हणजे वरचं पाणी गेलं.

आता कांदा, आणि आताच मीठ. मीठ आधी घातलं असतं तर बटाट्याला पाणी सुटलं असतं. कांदाही आधी घातला असता तर आतापावेतो जळून कडू झाला असता. पुष्कळ घरांत कांदा आधी परततात हे खरं, पण त्यांची आच मंद असते आणि हात तयार असतो. तुम्ही पहिल्यांदा करताय, तेव्हा बटाटा आधी.

कांदा दोन मिनिटं परतून आच बारीक करा आणि झाकण ठेवा. पाच मिनिटं. या वाफेवर बटाटा आतून शिजतो, कांदा गळतो. झाकण उचलताना ते सरळ उचलून बाजूला न्या. पॅनवरच तिरकं केलं की आतलं पाणी फोडींवर गळतं आणि मघापासून केलेल्या कष्टांवर शब्दशः पाणी पडतं. सुरीचं टोक फोडीत घालून बघा. लोण्यात जावं तसं गेलं पाहिजे. अडखळलं तर अजून दोन मिनिटं झाका. मग झाकण काढून आच मध्यम करा आणि मिनिटभर पुन्हा कोरडं होऊ द्या.

अंडी घातल्यावर बटाटा शिजत नाही, ही गाठ मारून ठेवा. कच्चा बटाटा ‘शिजेल नंतर’ म्हणून पुढे ढकलला की शेवटी अंडं रबर होतं आणि बटाटा दातांखाली कचकचतो. मी केलंय हे, दोनदा.

आता नावाचं काम. उलथन्याच्या पाठीने पॅनमधल्या दहा-बारा फोडी कडेला दाबून चुरा. सगळ्या नाही. हा चुरा अंड्यात मिसळतो आणि सगळं एकजीव धरून ठेवतो, बाकीच्या फोडी अख्ख्या राहतात. हे सगळ्याच घरांत करतात असं नाही. मला मुअल्लिमनी असंच दाखवलं आणि मी तसंच करतो.

अंडी

अंडी फेटायची की नाही, यावर शामी माणसं आपसांत वाद घालतात. फेटून घातली की सगळं एकसारखं पिवळं होतं, फोडींवर पातळ अस्तर बसतं. मुअल्लिम फेटत नसत. फोडींमध्ये चार खळगे करायचे, प्रत्येकात एक अंडं फोडायचं, वर चिमूट मीठ आणि मिरी टाकायची. मग मनात वीस आकडे मोजायचे. पांढरं कडेने धरू लागलं की उलथन्याने पिवळं फोडायचं आणि तळापासून वर असं चार-पाच वेळा फिरवायचं. यात कुठे पांढरा पापुद्रा लागतो, कुठे पिवळ्याचा लोण्यासारखा गोळा. मला हेच आवडतं. पण अंडी ताजी आहेत याची खात्री नसेल तर आधी एकेक वाटीत फोडून बघा. एक सडकं अंडं निघालं तर अर्ध्या तासाचा बटाटा वाया जाईल.

आच मध्यमपेक्षा थोडी कमी. अंडं नव्वद टक्के धरलं, म्हणजे वर किंचित ओली चकाकी आहे पण पातळ काही वाहत नाही, की गॅस बंद करा. पॅनच्या आणि बटाट्याच्या धगीवर उरलेलं मिनिटभरात होतं. लहान मुलांसाठी किंवा गरोदर बाईसाठी करत असाल तर चकाकी पूर्ण जाईपर्यंत ठेवा. एरवी बुर्जीसारखे कोरडे दाणे पडेपर्यंत परतू नका. तशी केलीत तर मुअल्लिम काय म्हणाले असते ते वर सांगितलंच आहे.

पानात

मुफर्रका पॅनसकट मधोमध ठेवतात. चमचा लागत नाही. ‘खुब्ज’ म्हणजे अरबी रोटीचा तुकडा तोडायचा, त्याचा द्रोण करायचा आणि उचलायचं. सोबत ऑलिव्ह, टोमॅटोच्या फोडी, कांद्याची पात, मुळा, पुदिन्याची पानं आणि सलगमचं गुलाबी लोणचं. बीटचा तुकडा बरणीत टाकून त्याला तो रंग आणतात. काळा गोड चहा असतोच. जेवण सुरू होताना कोणी ‘सहतेन’ म्हणालं तर घाबरू नका. शब्दशः ‘दोन आरोग्यं’, म्हणजे दुप्पट लाभो. उत्तर ‘अला अल्बक’, तुमच्या हृदयालाही. जिने किंवा ज्याने केलं त्याला ‘यिस्लमू इदेक’ म्हणा, तुमचे हात सलामत राहोत. अन्नदात्री सुखी भव म्हणण्याचाच हा प्रकार.

महाराष्ट्रात खुब्ज सगळीकडे मिळत नाही. पोळी चालते, पण ती पातळ आणि मऊ, तुपाने-तेलाने लगेच ओली पडते. त्यापेक्षा बेकरीतला पाव बरा. गोव्याकडे असाल तर प्रश्नच मिटला : पोई. आतून पोकळ, बाहेरून कोंड्याची, तिच्या खिशात मुफर्रका अशी बसते की खुब्ज आठवू नये. ज्वारीची भाकरी मला स्वतःला फार आवडते, पण ती शामी नाही, माझी आहे. सोबत ‘लबने’ हवं असेल तर चक्का घ्या. दही बांधून टांगायचं, पाणी गेलं की साखर न घालता मीठ घालायचं आणि वर ऑलिव्ह तेलाची धार. श्रीखंडाच्या वाटेवरचा चक्का अर्ध्यातून वळवला की लबने झालं.

थोडं इकडचं तिकडचं

पारशी घरात वाढलेले वाचक म्हणतील, हे तर आमचं ‘पपेटा पर ईंडा’. जवळचं आहे, पण तिथे अंडी बटाट्यावर अख्खी बसतात, झाकून शिजतात आणि मसाल्याला मिरची-कोथिंबीर असते. शाममध्ये अंडं मोडतात. उलट अंडं भरपूर, त्यात भाजी थोडी, आणि वडीसारखं थापून तळलेलं असेल तर ते ‘इज्जे’. तो वेगळा पदार्थ, अंड्याचं ऑम्लेट म्हणा हवं तर.

मुफर्रका बटाट्याचीच असते असंही नाही. ‘कूसा’ नावाची फिकट हिरवी, झुकिनीच्या जातीची भाजी तिकडे खूप, तिचीही करतात. आपल्याकडे दुधीची करून बघा, पण किसून नव्हे, फोडी करून, आणि पाणी पूर्ण आटल्याशिवाय अंडं नको. खिमा घालायचा तर कांद्याबरोबर, आणि तो आधी वेगळा कोरडा परतून. उपवासाच्या काळात तिथले ख्रिस्ती लोक अंड्यावाचून नुसते बटाटे-कांदा खातात. तेव्हा ते थेट आपल्या काचऱ्याच होतात.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा. गरम करताना मायक्रोवेव्ह नको, अंडं चिवट होतं. पॅनमध्ये मंद आचेवर, थेंबभर तेलात. किंवा गार असतानाच खुब्जमध्ये गुंडाळा. सीरिया-लेबनॉनमध्ये मुलांना डब्यात देतात त्या अशा गुंडाळीला ‘अरूस’ म्हणतात, म्हणजे नवरी. का ते मुअल्लिमना विचारलं तर ते म्हणाले, पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली असते ना, अजून काय हवं.

पॅनच्या तळाला थोडी तांबूस खरवड धरते. ती खरवडून फेकू नका आणि पॅन लगेच पाण्यात घालू नका. आमच्या स्वयंपाकघरात ज्याने केलं त्याचा तिच्यावर पहिला हक्क असे. मुअल्लिम शेवटचा खुब्जचा तुकडा राखून ठेवायचे, पॅन तिरका धरून गोल गोल पुसायचे, आणि मग पुढच्याला म्हणायचे, “यल्ला, शेगडी तुझी.”